लंडन बंद असते तेव्हा

लंडनविषयी मराठीत आजवर इतके लिहून झाले आहे, की त्यात भर घालणे म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी ओतण्यासारखे आहे. टॉवरमधला कोहिनूर, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, ब्रिटिश म्युझियममधल्या ममी, भुयारी रेल्वेचे सरकते जिने – ही वर्णने न वाचलेला मराठी वाचक शोधूनच काढावा लागेल. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, की या लेखात त्यांतले काहीही नाही. आम्ही उभयतांनी ज्या दिवशी लंडन पाहिले, त्या दिवशी यांतले काहीही उघडे नव्हते. तो दिवस होता २५ डिसेंबर.

आपल्याकडे सण आला की जादा गाड्या सुटतात. गणपतीत मुंबईची लोकल रात्रभर धावते, धनत्रयोदशीला सराफकट्टा मध्यरात्रीपर्यंत जागा असतो, आणि ज्या रस्त्यावर एरवी चालता येते त्या रस्त्यावर सणाच्या दिवशी नुसते उभे राहता आले तरी पुष्कळ. लंडनचा न्याय बरोबर उलटा आहे. नाताळच्या दिवशी तिथली भुयारी रेल्वे बंद, लाल दुमजली बस बंद, बाहेरगावच्या आगगाड्या बंद. म्युझियमे बंद, नाटकगृहे बंद. दुकानांच्या बाबतीत तर पार्लमेंटने २००४ साली कायदाच केला आहे: २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानाने नाताळच्या दिवशी दार उघडायचेच नाही. सुमारे नव्वद लाख वस्तीचे शहर, आणि वर्षातला हा एक दिवस ते आतून कडी लावून बसते.

असा दिवस आम्ही मुद्दाम निवडला, असे मात्र कोणी समजू नये. आमचे चिरंजीव तिथे एका रुग्णालयात डॉक्टर आहेत. आमचे परतीचे विमान २६ तारखेचे. नाताळला अवघ्या इंग्लंडला सुटी, म्हणजे मुलालाही सुटी. तेव्हा लंडन त्या दिवशी तिघांनी मिळून पाहायचे, असा आमच्या सौभाग्यवतींनी ठाण्याहूनच हिशेब केला होता. दोन दिवस आधी चिरंजीवांनी सांगितले, की नाताळला त्यांची सकाळी आठ ते रात्री आठ अशी ड्यूटी आहे.

ही काही बोलली नाही. पण रात्री पोळ्या लाटताना लाटण्याचा आवाज वाढला. शेवटी म्हणाली, “दिवाळीची तिकडं सुटी नसते, तर तुला सुटी मिळाली. नाताळची सगळ्यांना सुटी, तर तुला ड्यूटी. हा कुठला न्याय? आमच्या वाटणीचा सण नक्की कुठला?”

गेल्या दिवाळीत त्याने आपल्या खोलीवर लक्ष्मीपूजन केले होते. पूजा हिने ठाण्याहून फोनवर सांगितली होती, आचमनापासून आरतीपर्यंत. चिरंजीव नुसते हसले, “आई, पाळी आहे गं माझी,” म्हणाले, आणि कागदावर आम्हांला वाट काढून देऊ लागले. “बाबा, सगळं पायी आहे. चौदा-पंधरा किलोमीटर होतील.”

“मी पालखीबरोबर दिवेघाट चढले आहे,” ही म्हणाली. विषय संपला.

सकाळी आठला आम्ही बाहेर पडलो. तिथे डिसेंबरात सूर्य आठाच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत मावळतो. त्यामुळे दिवस म्हणून जो मिळतो तो आपल्या हाफ-डे शाळेएवढा. आकाश राखाडी, पाऊस नाही, बर्फ तर नाहीच. नाताळ म्हणजे बर्फ हे चित्र भेटकार्डांवरच खरे. लंडनमध्ये नाताळला बर्फ क्वचितच पडतो. पाठीवरच्या पिशवीत दशम्या, तिळाची चटणी, चहाचा थर्मास आणि हिने ठाण्याहून आणलेले डिंकाचे अकरा लाडू. “वाटेत लागतील,” असे त्यांचे कारण सांगण्यात आले.

मुक्काम मेडा व्हेल भागात होता, म्हणून पहिले ठिकाण अगदी दाराशी: हाउली प्लेस, घर क्रमांक दहा. शांत गल्ली, पांढरी घरे, आणि एका भिंतीवर निळी वाटोळी पाटी. नामवंतांच्या घरांवर अशा पाट्या लावण्याची लंडनची प्रथा १८६६ सालापासूनची आहे. या पाटीवर नाव आहे लोकमान्य टिळकांचे. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हा किताब ज्या चिरोल साहेबाच्या पुस्तकामुळे त्यांना चिकटला, त्याच्यावर बेअब्रूचा दावा लावण्यासाठी ते १९१८ च्या ऑक्टोबरात लंडनला आले. दावा हरले, पण वर्षभर राहून हिंदी स्वराज्याची बाजू तिथल्या मजूर पक्षापर्यंत मांडून परतले. म्हणजे १९१८ चा नाताळ लोकमान्यांनी याच शहरात काढला.

ही ठाण्याच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवीत होती. पाटीखाली उभी राहून म्हणाली, “घरातला गणपती ज्यांनी चौकात आणला, त्यांना असा दार लावून केलेला सण पाहून काय वाटलं असेल?”

प्रश्न बिनतोड होता. १८९३-९४ मध्ये पुण्यात जे घडले, त्याच्या नेमके उलटे इंग्लंडात घडले आहे. जुना इंग्रजी नाताळ हा रस्त्यावरचा सण होता. दारू, सोंगे, धांगडधिंगा, श्रीमंताच्या दारी जाऊन हक्काने खाणे-पिणे मागणे. इतका, की प्युरिटन लोकांच्या पार्लमेंटने १६४७ साली हा सण कायद्याने बंद केला. १६६० साली राजेशाही परतली तेव्हा तो उजळ माथ्याने परत आला. आज आपण जो नाताळ ओळखतो, तो बराचसा व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडला. १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थाने पहिले छापील भेटकार्ड काढले. एक हजार प्रती, किंमत एक शिलिंग. त्याच वर्षी १९ डिसेंबरला डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाले. १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात राणी, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र आले, आणि मध्यमवर्गाच्या घराघरात झाड शिरले. त्याच सुमारास टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्याने ओढला की फटकन् वाजणारा कागदी ‘क्रॅकर’ काढला. त्यातून आज कागदी मुकुट निघतो आणि मोठमोठे आजोबा तो डोक्यावर घालून जेवायला बसतात. अशा रीतीने सण चौकातून उठला आणि दिवाणखान्यात गेला.

हाउली प्लेसपासून दोन-सव्वादोन किलोमीटरवर हाइड पार्क. वाटेत आम्हांला माणसे भेटली ती तीन. एक कुत्रा फिरवणारी बाई, एक पळणारा तरुण आणि एक वृद्ध गृहस्थ. तिघांनीही “मेरी ख्रिसमस” म्हटले. लंडनकर अनोळखी माणसाशी बोलत नाही, असे चिरंजीवांनी बजावले होते. आज ती बंदीही सुटीवर असावी.

हाइड पार्कात सर्पंटाइन नावाचा लांबट तलाव आहे. त्याच्या काठी मात्र गर्दी! इथल्या पोहणाऱ्यांच्या क्लबात १८६४ सालापासून नाताळच्या सकाळी नऊ वाजता शंभर यार्डांची शर्यत होते. ‘पीटर पॅन’चा लेखक जे. एम. बॅरी याने १९०४ साली, म्हणजे ते नाटक प्रथम रंगभूमीवर आले त्याच वर्षी, या शर्यतीला करंडक दिला. म्हणून तिचे नाव पीटर पॅन कप. पाण्याला हात लावला तर बोटे दुखतात. आणि त्यात साठी-सत्तरीचे बाप्ये आणि बाया नुसत्या पोहण्याच्या पोशाखात हसत हसत उड्या टाकतात! शर्यतीचा नियमही मोठा प्रेमळ: जो सावकाश पोहणारा त्याला आधी सोडायचे, वेगवान त्याला मागाहून. म्हणजे शेवटी सगळे आगेमागेच पोचतात.

“आपल्याकडे माघस्नान करतात ते काय वेगळं?” ही म्हणाली.

“आपल्याकडे पुण्य मिळतं, इथं करंडक.”

“आणि दोन्हीकडं सर्दी.”

तिथून पिकॅडिलीच्या रस्त्याने ट्रॅफल्गर चौक. हा रस्ता मी सिनेमात पाहिला होता, पण असा नाही. दोन्ही बाजूंना दिव्यांनी मढवलेल्या काचा, आत मखमलीवर घड्याळे, चॉकलेटांचे मनोरे, आणि दारांना कुलपे. रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघे चालत होतो. ‘रस्त्याच्या मधून चालू नका’ असे मला आयुष्यभर सांगत आलेली माझी पत्नी पिकॅडिलीच्या भर मध्यावरून चालत होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

ट्रॅफल्गर चौकात नेल्सन खांबावर नेहमीसारखा उभा. खाली चौथऱ्यावर हॅवलॉक साहेब. १८५७ च्या धड्यातले, कानपूर-लखनौचे. हिने त्यांच्याकडे जुन्या ओळखीच्या पण फारसे न पटणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. परंतु चौकाचा त्या दिवशीचा राजा म्हणजे नाताळचे झाड. नॉर्वेच्या ऑस्लो शहराकडून हे झाड दर वर्षी येते, आणि १९४७ पासून ही प्रथा चालू आहे. साधारण पन्नास-साठ वर्षे वाढलेला, वीस मीटरहून उंच स्प्रूस. ऑस्लोजवळच्या रानातून तो तोडून, समुद्रावरून आणून इथे उभा करतात. दिव्यांच्या माळा आपल्यासारख्या गुंडाळलेल्या नसतात. वरून खाली सरळ सोडलेल्या असतात. लंडनचे लोक दर वर्षी या झाडाला नावे ठेवतात; यंदाचे किडकिडीत आहे, मागचे वाकडे होते. आपल्या मंडळाच्या मूर्तीविषयी चालते तसेच.

पण झाडामागची गोष्ट मोठी आहे. १९४० साली हिटलरने नॉर्वे घेतला, तेव्हा तिथला राजा सातवा हाकोन आणि त्याचे सरकार लंडनला आश्रयाला आले आणि युद्ध संपेपर्यंत तिथे राहिले. त्या पाच वर्षांच्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून हे झाड. झाडाच्या बुंध्याशी तशी पाटीच आहे. ती वाचून ही म्हणाली, “म्हणजे पडत्या काळात घरात घेतलं, त्याची ही दर वर्षीची भाऊबीज!” ज्यांनी आसरा दिला ते गेले, ज्यांनी घेतला तेही गेले, झाड येतेच आहे. इतिहासाच्या पुस्तकात तहनामे पुष्कळ असतात, पण इतकी वर्षे पाळलेले उपकार थोडे.

व्हाइटहॉलच्या रुंद रस्त्याने पुढे गेलो. इथल्या एका भव्य इमारतीत एके काळी ‘इंडिया ऑफिस’ होते. आपल्या देशाचा कारभार चालवण्याचे घर. आज तिथे चिटपाखरू नव्हते. मग पार्लमेंटचा चौक. २०१५ च्या मार्चमध्ये इथे महात्मा गांधींचा पुतळा उभा राहिला, आणि तोही विन्स्टन चर्चिलच्या पुतळ्याच्याच चौकात. १९३१ साली ज्याने गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून हिणवले, तो चर्चिल इथे जाडजूड फौजी ओव्हरकोट घालून उभा आहे. आणि गांधीजी शाल पांघरून. त्या गारठ्यात दोघांकडे पाहून कोण कुडकुडतो आहे याचा विचार करावा, तर चेहऱ्यावरून तरी ओव्हरकोटवालाच जास्त कष्टी दिसत होता.

इतक्यात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या घंटा सुरू झाल्या. एरवी त्या चौकातल्या मोटारींच्या गोंगाटात त्या किती ऐकू येत असतील कोण जाणे. आज त्या साऱ्या शहरावरून वाहत होत्या. वरून बिग बेनचे ठोके. पावणेचौदा टनांची ती घंटा दुरुस्तीसाठी २०१७ पासून बरीचशी मुकी होती, २०२२ मध्ये पुन्हा नियमाने बोलू लागली. आम्ही पाच मिनिटे नुसते उभे राहिलो. पाहण्यासाठी पैसे भरून आलेल्या प्रवाशाला बंद शहराने फुकट दिलेली ही गोष्ट.

दशम्या आम्ही सेंट जेम्स पार्कात बाकावर बसून खाल्ल्या. समोर तळ्यात पेलिकन पक्षी होते. रशियाच्या वकिलाने १६६४ साली इंग्लंडच्या राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या तळ्यावर आहेत. त्यांना नाताळ नाही. एक पेलिकन आमच्या तिळाच्या चटणीकडे इतका एकाग्र होऊन पाहू लागला, की आम्ही डबा लौकर आवरला.

रीजंट स्ट्रीट भर दुपारी ओसाड. डोक्यावर दिव्यांचे प्रचंड देवदूत पंख पसरून तरंगत होते आणि खाली पाहायला आम्ही दोघे आणि एक पोलीस. थर्मास रिकामा झाला होता. मुख्य रस्ता सोडून एका आडगल्लीत शिरलो, तर एक लहानसे दुकान उघडे! दूध, पाव, वर्तमानपत्रे, बॅटऱ्या. गल्ल्यावर सत्तरीचे गुजराती गृहस्थ, अंगात स्वेटर, कपाळाला टिळा. आम्हांला पाहताच “केम छो?” १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले, तेव्हा ते लहानपणी आईबापांबरोबर एका सुटकेसनिशी इथे आले. तेव्हापासून हे कुटुंब नाताळला दुकान उघडे ठेवते.

“सण असून?” हिने विचारले.

ते हिंदीत म्हणाले, “बहनजी, आज सकाळपासून सहा जण बॅटरी मागायला आले. मुलांना खेळणी मिळतात, आत बॅटरी नसते. मूल रडायला लागलं तर त्या घरात सण कसला?” चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. हिने पिशवीतून एक लाडू काढून गल्ल्यावर ठेवला. उरले दहा.

तिथून ही जराशी गप्प झाली. पोर्टलंड प्लेसला बी.बी.सी.ची इमारत लागली. १९३२ साली नाताळच्या दिवशी पाचव्या जॉर्ज राजाने रेडिओवरून साम्राज्याला पहिला संदेश दिला. तो लिहून देणारा किपलिंग आपल्या मुंबईत जन्मलेला. तेव्हापासून दुपारी तीन ही राजघराण्याच्या संदेशाची वेळ झाली आहे. “आतमध्ये कोणीतरी कामावर असेल ना?” हिने विचारले. असणारच. पुढे रीजंट्स पार्काच्या कडेने लंडनचे प्राणिसंग्रहालय लागते. तेही वर्षात एकच दिवस, आजच, बंद असते. जिराफांच्या घराची ती उंचच उंच दारे रस्त्यावरून दिसतात. “लोकांना बंद, पण जिराफाला चारा घालायला कोणी आलंच असेल,” ही म्हणाली. दिवसभर आम्ही बंद दारे मोजत होतो. आता ही त्या दारांबाहेरची माणसे मोजू लागली होती.

प्रिमरोझ हिल ही टेकडी उंचीने पर्वतीपुढे अगदीच लहान, पण तिच्या माथ्यावरून सारे लंडन दिसते. सेंट पॉलचा घुमट, नव्या काळातला काचेचा शार्ड मनोरा, मधली हजारो धुराडी. आणि तिथे आम्हांला प्रथमच लंडनची माणसे भेटली. जेवणे आटोपून घरेच्या घरे टेकडीवर आली होती. नवी सायकल चालवणारी मुले, नवे हातमोजे, आजोबांच्या डोक्यावर विसरलेला कागदी मुकुट. सण दाराबाहेर आला होता खरा, तासाभरापुरता.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला किंग हेन्रीज रोड. तिथले दहा क्रमांकाचे घर म्हणजे आमच्या दिवसाचा शेवटचा मुक्काम, आणि हिच्या मनातला पहिला. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले, त्याचे स्मारक केले. आज तेही बंद होते, आणि आम्हांला त्याचे काही वाटले नाही. भिंतीवरची पाटी बाहेरून दिसत होती.

मुंबईतली प्राध्यापकाची नोकरी सोडून, साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घेऊन बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, आणि उरलेला सारा वेळ ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. दार उघडताच आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. पोटाला अर्धे-मुर्धे, पुस्तके मात्र पोटभर.

“वाचनालय बंद असेल त्या दिवशी काय करत असतील?” मी म्हणालो.

“ते सोडा,” ही म्हणाली. “परळच्या चाळीत रमाबाई काय करत असतील? त्यांचे सण कसे गेले असतील?”

संधिप्रकाश पडू लागला होता. समोरच्या घराच्या खिडकीत झाड उजळले होते आणि आत कोणीतरी पियानो वाजवत होते. ही त्या खिडकीकडे पाहत म्हणाली, “यांची दारं वर्षातून एक दिवस बंद असतात, तर आपल्याला केवढं नवल वाटतं. ज्यांना वर्षाचे सगळे दिवस दारं बंद, त्यांच्यासाठी हा माणूस इथं बसून शिकत होता. आणि परत जाऊन १९२७ साली महाडला तळ्यावर गेला.” तीस वर्षे वर्गात सांगितलेला धडा ती रस्त्यावर उभी राहून सांगत होती, आणि वर्गात मी एकटाच होतो. मी हात वर करून काही विचारावे असे मला वाटेना.

परतीचे तीन किलोमीटर अंधारातले. पाय बोलू लागले होते. घराच्या वळणाशी आल्यावर ही वळलीच नाही. “पुढे चला,” म्हणाली, “रुग्णालय पंधरा मिनिटांवर आहे. त्याला डबा देऊन येऊ.”

रुग्णालयाच्या दारावर हिरव्या पानांचे तोरण होते. सकाळपासून पाहिलेले हे पहिलेच मोठे दार, जे सताड उघडे होते. स्वागतकक्षात केरळची एक नर्स आणि फिलिपाइन्सचा एक सेवक; दोघांच्याही डोक्यांवर क्रॅकरमधले कागदी मुकुट. बाकावर हात भाजलेली एक आजी होती. भट्टीतून बदक काढताना भाजला, असे तिने आपणहून सांगितले. पाच मिनिटांनी चिरंजीव आले. त्यांच्याही डोक्यावर मुकुट, जांभळा.

“अरे, आज सगळे इथे बाहेरचेच का कामाला?” हिने हळूच विचारले.

“सगळे नाहीत गं. पण ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी आज घरी असावं, असं आम्ही आपसांत ठरवून घेतो.” मग थोडे थांबून, “आई, दिवाळीला मी पूजा केली ना, त्या दिवशी माझी ड्यूटी होती. ती माझ्या जोडीदारानं केली. आपणहून. म्हणाला, तुझा सण आहे. आज त्याची होती. त्याची मुलगी तीन वर्षांची आहे.”

ही काही बोलली नाही. पिशवी उघडली. एक लाडू नर्सला, एक सेवकाला, एक भाजलेल्या आजीला, आणि चार मुलाच्या हातावर ठेवले. उरलेले तीन कागदी रुमालात नीट गुंडाळले.

“हे उद्या त्याच्या मुलीला दे.”

“काय म्हणून सांगू, आई? डिंक त्यांना कळणार नाही.”

“सांग, आजीनं दिलेत,” ही म्हणाली. “तेवढं कुठंही कळतं.”